कमी-जास्त

शेवटच्या दिवशी भालचिममामांनी
माझे बीकर स्वतः धुतले, जाळीवर उपडे घातले,
म्हणाले, "मॅडम, जाहिरातीत चालला म्हणे.
टीव्हीवर दिसणार का?"
पाषाण रोडवरच्या त्या कोपऱ्यातल्या खोलीत
फ्यूम हूड घरघरत होता,
नऊ वर्षं घरघरत होता तसाच.

नऊ वर्षं मी एक पडदा घडवत होते.
केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढी त्याची भोकं.
पाणी जाऊ दे, जंतू अडव,
एवढंच त्याला शिकवायचं होतं.
फार बथ्थड विद्यार्थी. मंगळवारी शिकलेलं
गुरुवारी विसरायचा.
मी वहीत लिहायचे: ९९.६, अधिक-उणे ०.३.
केळुसकर मॅडम म्हणायच्या,
"शेपूट नसलेला आकडा म्हणजे बढाई."

का सोडलंस, हे ज्याला त्याला मी वेगळं सांगितलं.
बाबांना पगार.
मॅडमना पाठदुखी.
कोथरूडच्या वन्संनी विचारलं, "डॉक्टरेट घेऊन फिल्टर विकणार?"
त्यांना मी आणखी एक पोळी वाढली.
खरं कारण लाजिरवाणं आहे:
माझ्या सगळ्यात चांगल्या पेपरचा उल्लेख
चौदा ठिकाणी झाला,
त्यातल्या पाच ठिकाणी मीच केला होता.

बाणेरच्या सातव्या मजल्यावर
शार्दूल माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, आणि माझा साहेब.
वाईट नाही. डब्यातली चटणी मागून खातो.
माझ्या पहिल्या मजकुरातून त्याने
'साधारणतः' काढलं,
'आमच्या चाचण्यांपुरतं' काढलं,
'पंचवीस अंश तापमानाला' वाचून तर खूप हसला.
उरलं, तिथे लिहिलं: शंभर टक्के शुद्ध.
शंभर हा आकडा
मी नऊ वर्षांत एकदाही पाहिला नव्हता.
तरी मान डोलावली. पहिलाच महिना होता.

मग मांजरीतल्या एका भांड्यांच्या दुकानाबाहेर
आम्ही टेबल मांडलं, निळं कापड, दोन ग्लास.
शेवंताबाई लोणकर पुढे आल्या,
खांद्यावर नातू, लाळेनं पदर ओला.
पत्रक उलटं धरून त्यांनी
बराच वेळ त्यावरचा हसरा चेहरा बघितला.
"बोअरचं पाणी हाय आमचं.
ह्याला पाजू का हे?
पोराला काय कमी-जास्त झालं तर?"

कमी-जास्त.
हा तर माझाच शब्द, बाई.
आलेखातल्या खांबांच्या डोक्यावर
मी तो मिशीसारखा काढायचे, बारीक, काळा,
आणि दिवा मालवून घरी जायचे.
त्याला तोंड असतं, ते उघडं टाकून तो
कुणाच्या खांद्यावर झोपतो,
हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मी पत्रक सुलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं:
नळकांडं सहा महिन्यांनी बदला, उन्हाळ्यात चारच.
गढूळ आलं तर आधी फडक्यानं गाळा.
खारटपणा जाणार नाही.
बाळासाठी तरीही उकळाच.
मग सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं.
बाजूला शार्दूल चित्रण करत होता.
'तरीही'पाशी त्याने फोन खाली केला.
शेवंताबाई म्हणाल्या, "मालकाला इचारते,"
आणि पत्रकाची घडी कमरेला खोचून गेल्या.
फिल्टर घेतला नाही.
(पुढच्या आठवड्यात घेतला असेल. मला माहीत नाही.
हा एकच नमुना, त्यावरून काही सिद्ध होत नाही.)

सोमवारी पत्रक पुन्हा पडद्यावर.
मी म्हटलं, नव्व्याण्णव पूर्णांक सहा, आणि वर तारका.
शार्दूलने डोळे चोळले. "तारकेनं लोक घाबरतात."
म्हटलं, घाबरू देत, थोडे.
तो म्हणाला, ठीक, पण खालची ओळ सहाच्या टायपात.
मी म्हटलं, दहा.
तो म्हणाला, ही काय मंडई आहे?
मी म्हटलं, हो.
आठवर पटलं.

संध्याकाळी भालचिममामांचा फोन,
अजून दिसला नाहीत म्हणून.
म्हटलं, मामा, मी आहे तिथे,
अगदी तळाशी.
चष्मा लावून बघा.